चिठ्ठी क्रमांक एक

चार वाजता पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची मुलगी येणार होती, आणि अडीच वाजून गेले तरी आईला घराबाहेर कसं काढायचं, यावर तिघा भावंडांचं जमत नव्हतं.

बैठक मागच्या खोलीत भरली होती. ही खोली म्हणजे छोटीचा कारखाना. छोटी कवळ्या बनवते, त्यामुळे टेबलावर, खिडकीत, कपाटाच्या माथ्यावर, जिकडे बघावं तिकडे गावातल्या प्रतिष्ठितांचे दात वाळत ठेवलेले असतात. नवखा माणूस दचकतो. घरच्यांना सवय आहे. खाजगी बोलायचं असलं की सगळे इथेच येतात. दादाच्या मते ही घरातली सगळ्यात भरवशाची जागा. इथे दात सगळ्यांना आहेत, जीभ एकालाही नाही.

"तिला वरच्या मजल्यावर पाठवू," दादा म्हणाला. "त्यांच्याकडे मोठा टीव्ही आलाय."

"टीव्हीशी तिचं भांडण आहे," ताई म्हणाली. "बातम्या देणारा नमस्कार म्हणतो आणि ही उलट नमस्कार करेपर्यंत थांबत नाही. उर्मट आहे म्हणे."

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने."

"रविवारी? अरे, तू वजनमाप खात्यातला साहेब. तुम्ही तरी रविवारी एखादा काटा तपासता का?"

दुसऱ्यांच्या तराजूत खोट काढण्यात दादाची तीस वर्षं गेली होती, पण ताईसमोर त्याचं पारडं लहानपणापासून वरच राहिलं. ताईची लाँड्री आहे. माणूस दुकानात शिरला की त्याच्या कॉलरवरून तिला त्याच्या घरातली भांडणं कळतात.

छोटी दोघांचं ऐकत होती आणि टेबलाकडे बघत होती. दोन जबड्यांच्या मध्ये एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. मंगळवारी गेलेल्या वडिलांची, अण्णांची ट्रंक उपसताना ती निघाली आणि तेव्हापासून तिघांच्या तोंडची चव गेली होती.

अण्णांची नोकरी काय होती ते आज सगळ्यांना माहीत आहे. त्या काळी ते घरातसुद्धा धड माहीत नव्हतं. कागदोपत्री अण्णा तात्पुरते भांडारपाल होते, आणि तात्पुरते म्हणूनच एकोणीस वर्षं टिकले. जमीन मोजणीच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर एक दार होतं. त्यावर 'लेखनसामग्री' अशी पाटी होती आणि त्या दाराआड बंद कोर्ट बसायचं. तिघे न्यायाधीश मागच्या जिन्याने यायचे. आरोपी पडद्यापलीकडे. त्याला नाव नसायचं, नंबर असायचा. त्याच्या वकिलाला फाइल दहा मिनिटं बघायला मिळायची. त्यातल्या आरोपाच्या परिच्छेदावर तेवढा कोरा कागद चिकटवलेला असायचा, बाकी सगळं वाचायला पूर्ण मोकळीक. निकाल बटणांनी लागायचा. प्रत्येक साहेबाच्या हातात एक काळं आणि एक पांढरं बटण द्यायचं. त्यांनी एक पेटीत टाकायचं, दुसरं परत करायचं. पेटीत काळी जास्त निघाली की पडद्यामागचा माणूस गेला. कारण लिहायची पद्धत नव्हती. लिहिलं की कधीतरी कुणीतरी वाचतं.

हे कोर्ट इतकं गुप्त होतं की सरकारच्या लेखी ते नव्हतंच. आणि जे नाही, त्याला कुलूपबंद कपाट कोण देणार? म्हणून तीन काळी आणि तीन पांढरी अशा सहा बटणांची पत्र्याची डबी अण्णा रोज संध्याकाळी पिशवीत टाकून घरी आणायचे आणि सकाळी परत न्यायचे. वरच्यांना हे माहीत नव्हतं. शेजारीपाजारी मात्र अण्णांना लेखनसामग्रीवाले समजून पेन्सिली मागायचे. गुपित फुटू नये म्हणून अण्णा कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिली विकत आणून फुकट वाटायचे.

पुढे राज्य पालटलं. नव्या लोकांनी कोर्ट बंद करायचं ठरवलं आणि तिथे घोडं अडलं. जे कधी स्थापनच झालं नाही ते बंद कसं करणार? शेवटी सोमवारी ते रीतसर स्थापन केलं आणि मंगळवारी रीतसर बंद केलं. मधल्या एका दिवसाच्या सेवेचं प्रमाणपत्र सातही कर्मचाऱ्यांना मिळालं. फाइली जाळून टाकल्या. प्रमाणपत्रांची यादी तेवढी जाळायची राहिली, आणि त्या यादीवरून बाइंडरच्या मुलीने हे घर शोधून काढलं.

तिचं पत्र साधं होतं. माझे वडील पुस्तकं बांधतात. बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांना नेलं, आठ वर्षांनी आणून सोडलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही. आता ते शहाऐंशी वर्षांचे आहेत, अंथरुणावर असतात. आपल्या वडिलांच्या कागदांत काही सापडलं तर. त्या 'तर'च्या पुढे तिने काही लिहिलं नव्हतं. खाली तारीख दिली होती, ज्या दिवशी निकाल लागला ती.

दादाने चिठ्ठी बोटाने दूर सारली. "हे सापडलंच नाही असं म्हणायचं. संपलं."

"अण्णांची चिठ्ठी आहे ती, दादा," छोटी म्हणाली.

यावर दादाने बोट मागे घेतलं.

कारण चिठ्ठ्या म्हणजे या घराचं बालपण. अण्णांचं दुसरं एक कोर्ट होतं, आणि ते दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायचं. त्याचे नियम कडक होते. आरोप मोठ्याने वाचायचा, तोही दोनदा. आरोपीला उंच स्टुलावर बसवायचं, म्हणजे तो सगळ्यांना दिसतो आणि त्यालाही सगळे दिसतात. त्याला हवं तितका वेळ बोलू द्यायचं. जो खोलीत नाही त्याच्याबद्दल काही ठरवायचं नाही. आणि निकालाची चिठ्ठी हातात द्यायची, तिच्यावर चार ओळी: आरोप, म्हणणं, कारण, शिक्षा. कारण लिहिता आलं नाही तर शिक्षा नाही. चिठ्ठी आरोपीची, कार्बनची नक्कल अण्णांच्या पुस्तकात.

दादाची एक चिठ्ठी घरात अजून तोंडपाठ आहे. आरोप: दुधावरची साय खाल्ली. म्हणणं: मांजराने खाल्ली. कारण: आपल्याकडे मांजर नाही. शिक्षा: मांजर आणण्याचा अर्ज एक वर्ष करू नये. छोटी सात वर्षांची असताना फुटलेल्या शाईच्या बाटलीबद्दल चाळीस मिनिटं बोलली होती. त्यात बाटलीच्या स्वभावाचा भाग मोठा होता. अण्णांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. पुढे आयुष्यात तिचं म्हणणं पुष्कळांनी ऐकलं, पण हनुवटीखाली हात घेऊन, दुसरं काही काम नसल्यासारखं, कुणीच नाही. त्या रविवारची शिक्षा काय होती ते तिला आठवत नाही. ऐकणं आठवतं.

एकच गोष्ट कुणाला कळली नव्हती. पहिलं पुस्तक दोन नंबरपासून सुरू व्हायचं. एक नंबर कुठे गेला, यावर दादा म्हणायचा, "आईचा असणार. अपिलात सुटली."

तो एक नंबर आता टेबलावर होता, मूळ आणि नक्कल एकत्र, न फाडलेली. अण्णांच्या सरळ, कारकुनी अक्षरात लिहिलं होतं:

आरोपी: मी.

आरोप: तिसऱ्या साहेबांच्या हातात दोन्ही बटणं काळी दिली.

म्हणणं: डबीत पांढरी दोनच निघाली. जागा भरायला माझ्या कोटाचं काळं बटण तोडून दिलं. डबी घरी नेतो हे सांगायची सोय नव्हती. वाटलं, दोन काळी बघून साहेब विचारतील. त्यांनी विचारलं नाही. एक पेटीत टाकलं, एक मला परत दिलं, आणि जाताना म्हणाले, निरोप पोचला असं वर कळवा. दोन साहेबांत एकास एक झालं होतं, यांच्या बटणाने माणूस गेला. पडद्याखालून त्याचे हात दिसत होते, नखांत वाळलेली खळ होती. आरोपावर कागद मीच चिकटवला होता, म्हणून माहीत आहे: त्याने बांधलेल्या एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यात रद्दीतलं जुनं पत्रक निघालं, एवढंच. त्याचं नाव कुणी दिलं नव्हतं.

कारण:

शिक्षा:

शेवटच्या दोन ओळींपुढे काही नव्हतं. खाली तारीख होती.

पांढरं बटण कुठे गेलं हे अण्णांनी लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. ते बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं होतं.

दादाच्या चौथीच्या वर्गाचा फोटो. पुढच्या रांगेत मांडी घातलेला दादा, शेजारच्या मुलाच्या हातात पाटी, पाटीवर खडूने वर्ग आणि तारीख. दादाच्या सदऱ्याचं वरून तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा मोठं आहे, जाड काठाचं. आल्यागेल्या प्रत्येकाला आई तो फोटो दाखवते आणि गोष्ट सांगते. फोटोच्या आदल्या रात्री बटण तुटलं, दुकानं बंद, आणि मी बाई यांच्या ऑफिसच्या डबीतून एक उचललं आणि लावून दिलं, तेव्हा यांना पत्तासुद्धा नाही. सांगून झालं की आई हसते आणि पाहुणेही हसतात. बेचाळीस वर्षं हसत आलेत.

"बाई दारात आली की आई पहिला तो फोटो दाखवणार," दादा म्हणाला. "आणि तारीख त्या बाईला पाठ आहे. फोटो काढून ठेवला तर आई विचारणार, फोटो कुठाय. थोडक्यात काय, आई घरात नको."

"आणि बाइंडर? त्याला काय सांगायचं?"

"नंतर सांगू की."

"नंतर म्हणजे कुणाच्या नंतर?" ताई म्हणाली. "त्याच्या की आईच्या?"

"तू आवाज चढवू नकोस. मी आईसाठी बोलतोय."

"सदरा तुझा होता म्हणून नाही ना?"

"मी दहा वर्षांचा होतो, ताई."

"तुला कोण काय म्हणतंय? तूच अंगाला लावून घेतोयस."

"सांगायची हौस आहे तर तू सांग. रोज सकाळी तिच्यासमोर चहा घेऊन बसायचंय छोटीला. तू दोन गल्ल्या पलीकडे लोकांचे डाग काढत बसणार."

दोघांनी छोटीकडे पाहिलं. छोटीने एक कवळी उचलली आणि उगाच तिची हिरडी घासली. दादा म्हणाला ते खरं होतं. आई ब्याऐंशीची. सकाळी उठल्यावर तिचा चेहरा कसा असेल, हे छोटीलाच बघायला लागणार होतं.

"मत घेऊ," दादा म्हणाला. "गुप्त. म्हणजे नंतर कुणी कुणाला बोल लावायचा नाही."

बटणांची डबी त्याच ट्रंकेत निघाली होती. तीन काळी, तीन पांढरी, त्यातलं एक पांढरं नंतर नवं आणून भरलेलं, जरा जास्तच चकचकीत. प्लास्टर कालवायच्या रबरी वाडग्यावर छोटीने फडकं टाकलं. काळं म्हणजे गप्प बसायचं, पांढरं म्हणजे सांगायचं. एकेकाने हात आत घातला. बटण पडल्याचा आवाज रबरात येत नाही, ही एक सोय.

छोटीने काळं टाकलं. टाकताना तिला वाटलं, ताईचं पांढरं आहेच, माझ्या एका काळ्याने काय बिघडतंय.

दादाने फडकं उचललं. वाडग्यात तीन काळी होती.

ताई खिडकीतला एक जबडा सरळ करू लागली. तो सरळच होता.

"कुणाची केस?"

आई दारात उभी होती. तिचा डावा कान निकामी आहे असं तिचं म्हणणं. तो नेमका कधी निकामी असतो हे डॉक्टरांना कळलेलं नाही.

"कसली केस, आई," दादा म्हणाला. "जुनी बटणं बघत होतो."

"दार लावून?"

आईने डबी पाहिली, वाडगं पाहिलं, मग तिघांची तोंडं पाहिली. चिठ्ठीवर ताईने कोपर ठेवलं होतं.

"आपल्याकडे मागच्या खोलीत कोर्ट भरत नाही," आई म्हणाली. "टेबलावर भरतं. आणि ज्याची केस असते त्याला स्टुलावर बसवतात. एवढं तरी लक्षात असू द्या." ती वळली. "पाहुणी यायची आहे. तुम्ही हात धुऊन या. दातांना लावलेत."

* * *

बाइंडरची मुलगी दहा मिनिटं आधीच आली. पन्नाशीची, उभट चेहऱ्याची, पायातलं पायपुसण्यावर चारदा पुसणारी. तिने आईच्या हातात एक वही ठेवली. कोरी, तपकिरी कापडाची, कोपरे असे बसवलेले की बोट अडकू नये.

"बाबांनी केलीय. अंथरुणावर बसूनच शिवतात. तुमच्याकडे जातेय म्हटल्यावर म्हणाले, रिकाम्या हाताने जाऊ नको."

"माझ्याबद्दल त्यांना काय माहीत?" आई म्हणाली.

"काही नाही, काकू. पण त्यांना वाटतं, विचारायला जायचं तर काहीतरी घेऊन जावं. पूर्वीही तसंच करायचे. सुटून आल्यावर प्रत्येक कचेरीत एकेक वही देऊन आले. वह्या सगळ्यांनी ठेवून घेतल्या."

दादाने खुर्ची पुढे केली, ती नेमकी फोटोकडे पाठ होईल अशी. बाई बसली. ताईने पाणी आणलं. छोटी दाराला टेकून उभी राहिली.

"आम्ही ट्रंक पूर्ण बघितली," दादा म्हणाला. त्याचा आवाज सरकारी झाला होता. "तसं विशेष..."

"कारण कळून आता व्हायचं काय आहे, हे मला कळतं हो," बाई म्हणाली. "आठ वर्षं काही परत येत नाहीत. पण माझे एक काका आहेत, त्यांचं कागदाचं दुकान आहे. बाबांना नेलं त्या आठवड्यात दोघांचं भांडण झालं होतं. ओला कागद पाठवला म्हणून. बाबांच्या डोक्यात बसलं की काकांनीच आपलं नाव दिलं. तेव्हापासून बोलत नाहीत. काका अजून दर महिन्याला कागद पाठवतात. बाबा तो घेतात, त्याच्याच वह्या बांधतात. ही वही त्याच कागदाची आहे. पण बोलत नाहीत. आता आधी कोण जातं, एवढंच बघायचं राहिलंय."

आईने वही उघडली, कागदावरून हात फिरवला. "चांगला आहे. कोरडा आहे."

"त्यानंतर ओला कधीच आला नाही," बाई म्हणाली.

छोटीने ताईकडे पाहिलं. ताई जमिनीकडे बघत होती.

"ते भाऊभाऊ असंच करतात," आई म्हणाली. "आमचा हा, लहानपणी बहिणीशी एक महिना बोलला नव्हता. तुम्हाला दाखवते. अशा इकडे वळा, तो फोटो बघा."

"आई, बिस्किटं संपलीत का?" दादा म्हणाला.

"समोर आहेत. हा बघा, पुढच्या रांगेतला. त्या दिवशी याचा फोटो होता..."

"आई, त्यांना उशीर होत असेल."

"...आणि आदल्या रात्री याच्या सदऱ्याचं..."

"आई, तो पंखा जरा..."

"अरे, मला बोलू देशील का नाही?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. नुसता थकला होता. "दुपारपासून बघतेय. मागे दार लावून बसता, इथे तोंड उघडू देत नाही. काय केलंय मी?"

बाई फोटोसमोर उभी राहिली होती. ती फोटोतल्या दादाकडे बघत नव्हती. पाटीकडे बघत होती.

"ही तारीख..." ती म्हणाली आणि थांबली.

काय केलंय मी. एकोणीस वर्षं पडद्यापलीकडून हेच वाक्य येत असणार, छोटीला वाटलं, आणि अण्णा हातात डबी घेऊन ऐकत असणार. ती स्वयंपाकघरात गेली. उंच स्टूल उचलून आणलं आणि खोलीच्या मधोमध ठेवलं. मग मागच्या खोलीतून चिठ्ठी आणली.

"छोटे," दादा म्हणाला, "आपलं ठरलं होतं."

"माझं काळं मी परत घेते."

"परत घेता येत नाही."

"त्या कोर्टात नाही येत," ताई म्हणाली. "माझं पण घेते." ती उठली आणि आईचा हात धरून तिला स्टुलापाशी घेऊन आली. "आई, बस."

आई स्टुलावर बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते. "माझी होती तर केस," ती म्हणाली, आणि पदर सावरावा तशी वही मांडीवर नीट केली. "मग वाच की. मोठ्याने. उजव्या बाजूने."

छोटीने उजव्या बाजूला उभं राहून चिठ्ठी वाचली, पहिल्या शब्दापासून तारखेपर्यंत. 'आरोपी: मी' म्हणताना आवाज फाटला, तो तिने खाकरून सांधला.

"परत," आई म्हणाली. "दोनदा वाचायचा नियम आहे."

छोटीने परत वाचलं. 'त्याचं नाव कुणी दिलं नव्हतं' या ओळीला बाइंडरची मुलगी म्हणाली, "ही ओळ एकदा अजून वाचाल?" छोटीने ती ओळ तिसऱ्यांदा वाचली. बाई खुर्चीवर बसली. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बराच वेळ आपल्याच बोटांकडे बघत राहिली.

"आणि तो निरोप?" मग तिने विचारलं. "तिसऱ्या साहेबांना पोचला तो. कुणाचा होता?"

"कुणाचाच नाही," ताई म्हणाली. "हातात दोन काळी आली. त्यांना वाटलं, वरून सांगितलंय."

"आणि त्यांनी विचारलं नाही."

"त्या खोलीत विचारायची पद्धत नव्हती."

आई अजून फोटोकडे बघत होती. दादा तिच्यामागे उभा होता, तिच्या पाठीला हात लावावा की नाही अशा बेतात.

"मला विचारलं होतं त्यांनी," आई म्हणाली. "त्या संध्याकाळी. डबीतलं बटण घेतलंस का म्हणाले. मी म्हटलं, हो, चांगलं मजबूत आहे, ऑफिसचं आहे ना. बरं म्हणाले. आणि जेवले नाहीत. ताट तसंच ठेवून उठले." ती थांबली. "मला वाटलं, भाजी बिघडली. मी परत कधी ती भाजी केली नाही."

दादाने हात तिच्या पाठीवर ठेवला.

"पुढच्याच रविवारी टेबल मांडलं त्यांनी," आई म्हणाली. "मला वाटलं, पोरांशी खेळतायत. मी हसले. ते नाही हसले." मग तिने हात पुढे केला. "पेन दे. म्हणणं माझं झालं. कारणाची ओळ रिकामी आहे."

ताईने पेन दिलं. आईने चिठ्ठी बाइंडरने बांधलेल्या वहीवर ठेवली आणि सावकाश, अक्षर न अक्षर कोरत लिहिलं: मुलाचा फोटो होता आणि सदऱ्याला बटण नव्हतं.

दादाने तिच्या खांद्यावरून वाचलं. "आई, हे काय कारण झालं? आठ वर्षांचं?"

"नाही झालं," आई म्हणाली. "पण हेच आहे." तिने मान वर करून पाहुणीकडे पाहिलं. "शिक्षा आमच्याकडे ज्याचं नुकसान झालं त्याने सांगायची. अण्णा नुसतं लिहून घ्यायचे. सांग पोरी."

बाइंडरची मुलगी चिठ्ठीकडे बघत राहिली. छोटीला त्या वेळात रस्त्यावरची एक सायकल, वरच्या मजल्यावरचा टीव्ही आणि स्वतःची छाती, असं सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं.

"मला हे बाबांना नीट सांगता येणार नाही," बाई शेवटी म्हणाली. "मी मध्येच रडेन आणि त्यांना वाटेल, मी मनाचं सांगतेय. तुम्ही या. जशी फोटोची गोष्ट सांगत होतात, तशी सांगा. सगळी. मी काकांना बोलावून घेते."

"कधी?"

"ते पाचला उठून बसतात."

आईने लिहिलं: स्वतः जाऊन सांगणे. मग चिठ्ठी नकलेपासून अलग केली, मूळ बाईच्या हातात दिली आणि नक्कल छोटीच्या. "पुस्तकात लाव. पहिल्या पानावर."

ती स्टुलावरून उतरली. "तू पण चल," ती दादाला म्हणाली. "सदरा तुझा आहे. आणि तो फोटो काढ भिंतीवरून."

"फोटो कशाला?"

"पुरावा नको? नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवतं? तू तरी काटा बघितल्याशिवाय ठेवतोस का?"

दादाने फोटो उतरवला. भिंतीवर त्याच्यामागे एक चौकोन राहिला होता, घराला पहिल्यांदा रंग दिला तेव्हाचा, छोटीला आठवणाराही नव्हता असा फिकट निळा. ताईने आपल्या ओढणीने काच पुसली आणि तिसऱ्या बटणावर क्षणभर बोट ठेवलं.

जिना अरुंद. पुढे बाइंडरची मुलगी, मग कठडा धरून आई, तिच्यामागे फोटो पोटाशी धरलेला दादा, मग ताई, आणि दाराला कुलूप लावून छोटी. पहिल्या वळणावर आई थांबली.

"आधी तुझ्यासमोर एकदा म्हणून बघते," ती बाईला म्हणाली. "तिथे चुकायला नको." आणि तिने नेहमीच्याच वाक्याने सुरुवात केली. "त्या दिवशी याचा फोटो होता. आदल्या रात्री याच्या सदऱ्याचं बटण तुटलं, दुकानं बंद..."

ती नेहमी हसायची त्या जागेपर्यंत आली आणि हसली नाही, थांबलीही नाही. पुढे बोलत राहिली. हा भाग घरात कुणीच आधी ऐकलेला नव्हता. दादाने एकदा तोंड उघडलं, मग मिटलं, आणि एक एक पायरी उतरत ऐकत राहिला.